ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीसाठी पॅड की पुट्टी: दोन्ही लावून पाहिल्यानंतर

चिप आणि तिची उष्णता बाहेर नेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली फट भरायला दोन गोष्टी वापरतात: पॅड म्हणजे रबरासारखी पट्टी, पुट्टी म्हणजे घट्ट लगदा. निकाल आधीच सांगते. जीडीडीआर६एक्स या वेगवान जातीच्या मेमरीचं, भरपूर तापणारं कार्ड उघडायचं ठरवलं असेल तर मेमरीवर थर्मल पुट्टी लावा आणि पॅडांच्या जाडीच्या हिशेबात अडकू नका. पॅड टाकाऊ असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझ्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० कार्डावर आधी चांगल्या दर्जाचा पॅड लावला होता आणि त्याने मेमरी थंडही झाली होती. पण त्याची किंमत कार्डाच्या मुख्य चिपने मोजली. पुट्टी लावल्यावर दोघींचं भलं झालं. हे असं का होतं ते एकदा कळलं की दुकानात कोणत्या डब्याकडे हात न्यायचा याचं उत्तर आपोआप मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी थ्रीडी रेंडरिंगचं काम करते. कार्ड तासन्‌तास पूर्ण भारावर चालतं. गेम खेळताना भार वरखाली होत राहतो, तसा आराम इथे मेमरीला मिळत नाही. माझ्या कार्डाच्या मुख्य चिपचं तापमान ६८ ते ७० अंश, म्हणजे तक्रार करायला जागा नाही. तरी पंखे किंचाळायचे आणि लांबलचक रेंडरमध्ये मध्येच वेग उतरायचा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेमरी जंक्शन’ची, म्हणजे मेमरी चिपच्या आतल्या तापमानाची, ओळ पाहिली तेव्हा कोडं सुटलं: १०६, १०८, कधी ११०. ही मेमरी ११० च्या आसपास पोचली की कार्ड स्वतःच तिचा वेग कमी करतं. नुसतं मुख्य चिपचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे कधी कळतच नाही. त्यामुळे काही विकत घेण्याआधी हा आकडा बघा. तो ९० च्या आत असेल तर कार्डाला हात लावायचं कारण नाही.

ही मेमरी मायक्रॉनची, २०२० मध्ये ३०८० आणि तिच्याहून मोठ्या ३०९० या कार्डांसोबत आली. साध्या जीडीडीआर६ मध्ये तारेवर व्होल्टेजच्या दोन पातळ्या असतात, हिच्यात चार. त्यामुळे एका ठोक्यात दुप्पट माहिती जाते, आणि एवढ्या वेगाने माहिती पळवायची म्हणजे ताप आलाच. १० जीबीच्या ३०८० वर मुख्य चिपभोवती अशा १० चिपा बसवलेल्या असतात. ३०९० वर २४, त्यांतल्या निम्म्या बोर्डाच्या पाठीमागे. एअर कूलरच्या ३०९० मध्ये त्या पाठीमागच्या १२ जणींना थंड करायला बहुधा फक्त बॅकप्लेटचा पत्रा असतो, म्हणून ३०९० वाल्यांचे हाल आमच्यापेक्षा जास्त.

कार्ड उघडल्यावर कारखान्यातले पॅड लगेच सोलून फेकू नका. आधी त्यांच्याकडे नीट बघा, कारण सगळी हकिगत त्यांच्यावर उमटलेली असते. हीटसिंकला चिकटून आलेल्या पॅडवर चिपचा ठसा असतो. जिथे दाब चांगला पडलाय तिथे काठ धारदार, कोपरे स्पष्ट, आणि जमलंच तर चिपवरच्या अक्षरांची उलटी छापसुद्धा दिसते. माझ्या कार्डात सहा चिपांचे ठसे असे स्वच्छ होते. दोन ठसे अर्धेच होते, एका बाजूला खोल आणि दुसरीकडे विरत गेलेले. आणि कोपऱ्यातल्या दोन चिपांवरचे पॅड जवळजवळ कोरे. म्हणजे त्या दोघींवर पॅड नुसता टेकलेला होता, दाबलेला नव्हता. शिवाय सगळे पॅड वाळून कडक झाले होते, काठावर बोटाने दाबलं की तुकडा पडत होता, आणि त्यांतून पाझरलेल्या सिलिकॉन तेलाचा ओशट थर बोर्डावर पसरला होता. हे तेल वीजवाहक नसतं, बघून घाबरायचं कारण नाही. पण तापमानाचा सेन्सर सगळ्यांत तापलेल्या चिपचा आकडा सांगतो, आणि माझ्याकडे तो त्या कोऱ्या कोपऱ्यातून येत होता हे मला तेव्हा कळलं.

आता पाकिटावरच्या आकड्याबद्दल. पॅड घ्यायला गेलं की पहिली नजर उष्णतावाहकतेच्या आकड्यावर, ‘वॅट प्रति मीटर-केल्विन’वर, जाते. ६, १२, १२.८, १५, १७. आकडा मोठा तितका माल भारी, असा सरळ समज. जरा कागदावर मांडून बघू. मेमरीच्या चिपचा आकार १४ बाय १२ मिलिमीटर. तिच्यातून ३ वॅट उष्णता बाहेर पडते असं धरा. मध्ये दीड मिलिमीटरचा पॅड. पॅड ६ चा असेल तर त्याच्या दोन बाजूंत साधारण साडेचार अंशांचा फरक पडतो. १२ चा असेल तर सव्वादोन अंशांचा. म्हणजे पाकिटावरचा आकडा दुप्पट झाल्यावर हाती लागले सव्वादोन अंश. आणि त्याच चिपवर हवेचा नुसता ०.१ मिलिमीटरचा पापुद्रा राहिला तर? हवेची उष्णतावाहकता फक्त ०.०२६. त्याच गणिताने फरक निघतो जवळजवळ ७० अंश! प्रत्यक्षात इतका पडत नाही, कारण बरीच उष्णता बोर्डातून वाट काढते आणि पॅडचा काही भाग कुठेतरी टेकलेला असतोच. तरी मुद्दा हाच की १२ आणि १५ मधला फरक चिल्लर आहे, टेकणं आणि न टेकणं यांतला फरक खरा. लोक ‘पॅड बदलले आणि २० अंश उतरले’ म्हणतात ते बहुतेक वेळा नव्या पॅडच्या आकड्यामुळे झालेलं नसतं. नवा पॅड सगळीकडे पोचला म्हणून झालेलं असतं.

त्यात हे आकडे मोजण्याच्या रीतीही कंपनीगणिक वेगळ्या. एएसटीएम डी५४७० नावाची प्रमाण चाचणी आहे, पण पॅड किती दाबून मोजला यावर निकाल बदलतो आणि पाकिटावर तो दाब क्वचितच लिहिलेला असतो. ज्यांचं नावही कधी ऐकलेलं नाही अशा पाकिटांवरचा २० चा आकडा मी तरी विचारात घेत नाही.

पॅड निवडताना माझ्या मते पाहायच्या गोष्टी दोन: जाडी आणि मऊपणा. जाडीसाठी आपल्या कार्डाचं नेमकं मॉडेल शोधा. ‘३०८०’ एवढ्यावर भागत नाही, कारण तीच चिप घेऊन प्रत्येक कंपनी वेगळा हीटसिंक बनवते. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही मेमरीवर दीड आणि व्हीआरएमवर (चिपांना वीज पुरवणाऱ्या भागांवर) एक किंवा दोन मिलिमीटर असा घोळ असू शकतो. जुना पॅड मोजायचा झाला तर ठशाच्या बाहेरचा, न दबलेला काठ व्हर्नियरमध्ये अलगद धरा. जोरात पकडलंत तर पॅड दबतो आणि आकडा कमी येतो. मऊपणा ‘शोर ००’ या मापात देतात, आकडा जितका लहान तितका पॅड मऊ. हा आकडा पाकिटावर सापडला नाही तर विक्रेत्याला तांत्रिक माहितीचा कागद मागा.

हे सगळं सांभाळून मी एका नावाजलेल्या कंपनीचे, १२ च्या वरचे, दीड मिलिमीटरचे पॅड लावले. जाडी कारखान्यातल्या पॅडइतकीच, मोजून घेतलेली. मेमरी १०८ वरून ९२ वर आली. इथे मी खूश होऊन थांबले असते, पण मुख्य चिपच्या ‘हॉटस्पॉट’कडे, म्हणजे तिच्यातल्या सगळ्यांत तापलेल्या जागेकडे, लक्ष गेलं. पूर्वी चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट यांत १२ अंशांचं अंतर असायचं, ते आता २१ झालं होतं. मुख्य चिपवरची थर्मल पेस्ट नवी, चांगली, नीट लावलेली. मग स्टीलची पट्टी बोर्डाच्या पाठीवर आडवी ठेवून उजेडात धरली. मधोमध पट्टी आणि बोर्ड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. चार स्क्रू बोर्ड मध्यभागी खाली ओढत होते आणि भोवतालचे दहा कडक पॅड हीटसिंकला वर उचलून धरत होते. त्या ओढाताणीत बोर्ड वाकला होता आणि मुख्य चिपवर दाब सारखा पडत नव्हता.

माझ्या मते कळीचा मुद्दा इथेच आहे. ३०८० हे ३२० वॅटचं कार्ड. त्यातली बरीचशी उष्णता मधल्या एका चिपमधून निघते. तिच्यावर हीटसिंक घट्ट आणि सपाट बसलाच पाहिजे, तिथे पेस्टचा थर केसाहून पातळ हवा. मेमरीवर काय ठेवायचं ते यानंतर ठरतं: मुख्य चिप बसल्यावर जी फट उरेल ती भरायची, एवढंच त्या पदार्थाचं काम. पॅड मऊ असेल तर तो दबून जागा देतो. कडक असेल तर फट किती राहील हे तोच ठरवू लागतो. आणि दहाही फटी सारख्या नसतात. हीटसिंकच्या घडणीत, चिपांच्या उंचीत, सोल्डरच्या थरात दशांश-दोन दशांश मिलिमीटरचा फरक असतोच. एकाच जाडीचा पॅड एकीवर जास्त होतो आणि दुसरीवर कमी पडतो.

पुट्टीला हा प्रश्न पडतच नाही. सुतार लाकडाच्या भेगांत लांबी भरतो, तसा हा घट्ट, चिकट लगदा असतो. सिलिकॉनमध्ये उष्णतावाहक पूड मळलेली असते, लावल्यावर तो सुकून टणक होत नाही आणि त्यातून वीज जात नाही. हीटसिंक दाबला की तो जिथे जेवढी जागा आहे तेवढी भरतो आणि उरलेला बाजूने बाहेर येतो. एका चिपवर सव्वा मिलिमीटर, दुसरीवर दीड, त्याला सगळं सारखंच.

मी अपसायरनची यूएक्स प्रो वापरली आणि ती मनापासून सुचवते. घट्टपणा बरोबर आहे: गोळी करता येते, हातमोज्याला फार चिकटत नाही, आणि दाबल्यावर कुरकुर न करता पसरते. टी-ग्लोबलची टीजी-पीपी१० ही हौशी मंडळींमध्ये बराच काळ नावाजलेली, आणि थर्मल ग्रिझलीनेही आता बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि प्रो अशा तीन प्रतींत पुट्टी आणली आहे. के५ प्रो हे जुनं नाव, पण ती पुट्टीपेक्षा दाट पेस्टच्या जवळची. या चांगल्या पुट्ट्यांमध्ये आकड्यांवरून भांडत बसू नका, वरचं गणित इथेही तेच आहे. तुमच्याकडे ताजी आणि खात्रीची जी मिळेल ती घ्या.

किती घ्यायची? १४ बाय १२ ची चिप आणि दीड मिलिमीटरची फट म्हणजे पाव घन सेंटिमीटर. पुट्टी पाण्याच्या तिप्पट जड धरली तर एका चिपला पाऊण ग्रॅमच्या आसपास. दहा चिपांना आठ ग्रॅम, बाहेर येणारी धरून दहा-बारा. व्हीआरएमचे मॉस्फेट आणि कॉइलसुद्धा तिनेच भरणार असाल तर एका कार्डाला ३० ग्रॅमचा डबा पुरतो. ५० चा घेतलात तर हात आखडता घ्यावा लागत नाही.

लावण्याची पद्धत. जुने पॅड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, तेलाचा ओशटपणा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसा. ओशट पृष्ठभागावर पुट्टी धरत नाही, घसरते. हातमोजे घाला. डबा थंड असेल तर मुठीत थोडा वेळ धरा, पुट्टी सैल होते. प्रत्येक चिपच्या मधोमध एक गोळी ठेवा, फटीपेक्षा चांगली उंच. चमच्याने सपाट करून चौकोन भरायचा मोह होतो, पण तो आवरा. सपाट थरात हवेचे फुगे अडकतात, आणि आत्ताच हवेचा हिशेब पाहिला. उंच गोळी मधून दबत काठाकडे जाते तेव्हा हवा पुढे ढकलत नेते. हीटसिंक सरळ खाली उतरवा, ठेवल्यावर सरकवू नका. मधले चार स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. पुट्टी हळू वाहते, त्यामुळे मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा पाव फेरा द्यावा लागतो.

मग, शंका असेल तर, हीटसिंक पुन्हा उचलून बघा. मी बघितलाच. दहाही चिपांवर पुट्टी काठापर्यंत पसरलेली होती, आणि कोपऱ्यातल्या त्या दोघींवरचा थर बाकीच्यांपेक्षा उघड दिसण्याइतका जाड होता. कारखान्यातला पॅड तिथे का टेकला नव्हता याचं याहून स्पष्ट उत्तर मला नको होतं. जिथे कमी वाटलं तिथे भर घातली, मुख्य चिपची पेस्ट पुसून नवी लावली आणि कार्ड बंद केलं.

तोच सीन, तीच खोली, पंख्यांची तीच गती: मेमरी ८४. मुख्य चिप आणि हॉटस्पॉट यांतलं अंतर ११. स्टीलच्या पट्टीखाली उजेड नाही. पॅडपेक्षा मेमरी आठ अंश उतरली ही चांगली गोष्ट, पण मला समाधान दुसऱ्या आकड्याचं जास्त आहे. पंखे आता इतके खाली चालतात की रेंडर सुरू असताना शेजारी बसून फोनवर बोलता येतं.

पुट्टीचे तोटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांत मोठा म्हणजे साफसफाई. पॅड उचलला की निघतो, पुट्टी निघत नाही. बाजूला आलेली पुट्टी चिपांशेजारच्या इवल्या कपॅसिटरांच्या रांगेत जाऊन बसते, आणि तिथून काढायला मऊ ब्रश, अल्कोहोल आणि भरपूर सवड लागते. जोर लावला तर कपॅसिटर उखडण्याची भीती असते. म्हणून कार्ड सारखं उघडणाऱ्यांनी, वॉटर ब्लॉक (पाण्याने थंड करणारा ठोकळा) बदलत राहणाऱ्यांनी पुट्टीच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी मऊ पॅड घ्यावा, लागला तर एक आकडा कमी जाडीचा. दुसरं, फट खूप मोठी असेल, अडीच-तीन मिलिमीटर, आणि कार्ड उभं बसवलेलं असेल, तर पातळ जातीची पुट्टी तापून निवून हळूहळू खाली सरकू शकते. अशा जागी, उदाहरणार्थ बोर्ड आणि बॅकप्लेट यांच्यामध्ये, मी अजूनही पॅडच ठेवते. माझ्या कार्डाच्या पाठीमागे आजही तेच कडक पॅड कापून लावलेले आहेत आणि तिथे ते उत्तम काम करताहेत, कारण तिथे त्यांची ओढाताण मुख्य चिपशी होत नाही. एसएसडीवरही पॅडच बरा.

फट भरेना म्हणून दोन पॅड एकावर एक लावू नका, मधल्या सांध्यात आणखी एक अडथळा तयार होतो. मेमरीवर साधी थर्मल पेस्ट लावायचा सल्लाही कधीकधी ऐकू येतो. दीड मिलिमीटरच्या फटीत पेस्ट टिकत नाही, ती त्यासाठी बनलेलीच नाही. तांब्याच्या चकत्यांचा मार्ग कागदावर देखणा आहे, तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास असते. पण तांबं दबत नाही, म्हणजे कडक पॅडचा प्रश्न आणखी तीव्र, आणि चकती सरकली तर शॉर्टसर्किट.

मुख्य चिपसाठी हनीवेलचं पीटीएम ७९५० एकदा वापरून पाहा, विशेषतः पुट्टीच्या जोडीने. खोलीच्या तापमानाला ती घट्ट, पातळ पट्टी असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते. तिचा थर नीट पातळ व्हायला दाब मिळावा लागतो आणि कार्ड काही वेळा तापून निवावं लागतं, त्यामुळे पहिल्या तासाचा आकडा पाहून निराश होऊ नका. कडक पॅडांनी हीटसिंक उचलून धरला असेल तर मात्र तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

उघडण्याआधी दोन गोष्टी. काही कार्डांच्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असतं, आपल्या कंपनीचा नियम आधी वाचा, आणि वॉरंटी शिल्लक असताना मेमरी ११० ला जात असेल तर आधी त्यांच्याकडेच तक्रार करा. आणि हीटसिंक वेगळा करताना झटक्यात उचलू नका: पंख्यांच्या आणि दिव्यांच्या वायरी आखूड असतात. हीटसिंक थोडा तिरका करून आधी त्यांचे कनेक्टर सोडवा. उरलेल्या पुट्टीचं झाकण घट्ट लावून ठेवा, वर तेल सुटलेलं दिसलं तर वापरण्याआधी काडीने नीट ढवळून घ्या.